मला तुझं सुतक नाही

सुमन, तू गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले, आणि मला तुझं सुतक नाही.

तुझ्या भावकीला आहे. लांज्याच्या पुढे, आत तुझ्या गावात जी तुमच्या आडनावाची घरं आहेत, ती सगळी सध्या तुझ्या सुतकात आहेत. त्यांतले एक गृहस्थ मला दवाखान्याच्या फाटकाशी विचारत होते, "बाय मास्तरीण होती का नर्स?" तेही दहा दिवस दाढी न करता, देवाला न शिवता, मासळीचं नाव न काढता बसले आहेत. तुझी आणि त्यांची गाठ शेवटची कधी पडली होती हे त्यांना आठवत नाही, तुलाही आठवलं नसतं. पण सुतक दहा दिवस, त्यात कपात नाही. आणि मी, जी तुझ्याशी तीस वर्षं जवळजवळ रोज भांडले, मी त्याच दिवशी संध्याकाळी घरी आले, आंघोळ केली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीने आणून दिलेलं बांगड्याचं कालवण जेवले. आमच्या घरातलं सुतक धर्मांतरानंतर माझ्या आजोबांनीच बंद केलं, आणि तुमच्या नियमांत मैत्रिणीसाठी तसंही काही नाही. दोन्हीकडून मी मोकळी.

त्यांनी तुला जाळलं, सुमन. हे तुला आधी सांगायला हवं, बाकी सगळं मग. तू देहदानाचा फॉर्म भरून ठेवला होतास, साक्षीदार म्हणून माझी सही होती, रत्नागिरीच्या वैद्यकीय महाविद्यालयातला माणूस दवाखान्यात येऊन उभा होता. तरी तुला गाडीत घालून गावी नेलं आणि भावकीच्या स्मशानात जाळलं. तुझ्या शब्दांत सांगायचं तर मुलांना शिकण्यासाठी ठेवलेली वस्तू वाया घालवली. हे कसं झालं ते जगाला माहीत आहे असं जगाला वाटतं. ते खरं नाही. कसं झालं ते मला माहीत आहे, आणि म्हणून लिहिते आहे.

जगाला काय वाटतं ते आधी ऐक, तुला मजा येईल. शाळेच्या जुन्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले नऊ दिवस तुझ्या भाच्याला, संदेशला, सोलून काढताहेत. अडाणी, मागास, मुंबईत राहून गावंढळ राहिलेला. सगळ्यांत पुढे आपले माजी मुख्याध्यापक आहेत. होय, तेच. ज्यांनी तुझा तक्ता स्वतःच्या हाताने फळ्यावरून पुसला होता आणि "हे असले वाह्यात विषय स्टाफरूममध्ये नकोत" म्हणून तंबी दिली होती, त्यांनी आता तुला 'विज्ञानाची पुजारीण' अशी पदवी दिली आहे, खाली सहा हात जोडलेले. पुजारीण म्हटलेलं ऐकून तू त्यांच्या अंगावर खडू फेकला असतास. दुसरे एक सर लिहितात की बाईंनी आयुष्यभर स्वार्थाचा अभ्यास केला पण स्वतः निःस्वार्थी राहिल्या. तुझ्या सगळ्या विद्येतून या माणसाला एक शब्द ऐकू आला होता, आणि तोही उलटा.

मी त्यांना हसते आहे, पण जपून हसते. कारण मलाही एकच शब्द ऐकू आला होता.

आपलं भांडण पहिल्याच वर्षी लागलं. तू दहावीला आनुवंशिकतेचा धडा शिकवून स्टाफरूममध्ये आलीस, हाताला खडू तसाच, आणि मला म्हणालीस की प्राणी जगतो स्वतःसाठी नाही, जातीसाठीही नाही, हे सगळं स्वार्थी जनुकाच्या बाजूने पाहिलं की कळतं. आपण म्हणजे एसटी. जनुकं म्हणजे प्रवासी. गाडी जुनी होते, भंगारात जाते, पण प्रवासी त्याआधीच पुढच्या गाडीत बसलेले असतात, आणि लाखो वर्षं तेच प्रवासी गाड्या बदलत चालले आहेत. मी मराठीची शिक्षिका. मला ते ऐकून किळस आली. मी म्हटलं, "म्हणजे मी लांजा डेपोची लाल गाडी का?" तू म्हणालीस, "तू निमआराम. कारण तुझा माज तसा आहे." सगळे हसले, मीही हसले, पण आत काहीतरी कडू झालं ते शेवटपर्यंत राहिलं.

का ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. तुला वाटायचं मला विज्ञान कळत नाही. कळत नव्हतंच, पण ते कारण नव्हतं. जन्माने माणसात काय येतं आणि काय येत नाही, हे आमच्या घराला पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी सांगितलं होतं. रक्त, वंश, घराणं, बीज हे शब्द ज्याच्या तोंडून येतील त्याच्याकडे माझे वडील पाठ फिरवायचे. मी त्यांची मुलगी. तू 'जनुक' म्हटलंस तरी मला 'बीज' ऐकू यायचं. आणि मग मी तुझ्याकडे नाक वर करून त्या नजरेने पाहायचे, जिच्याबद्दल तू म्हणायचीस की तुझ्या नाकाला सर्दीसुद्धा घाबरून होत नसेल.

पण तू काही थांबणारी नव्हतीस. हापूसचं तुझं प्रवचन तर मला पाठ आहे. तू म्हणायचीस, रत्नागिरीच्या बागायतदाराला वाटतं त्याने हापूस लावला. उलटं आहे. हापूसने बागायतदार लावला. कातळात सुरुंग लावून खड्डे कोण करतं? त्यात लांबून आणलेली माती कोण भरतं? मोहोराला फवारणी, राखणीला माणसं, फळाला पेंढा, पेटी, ट्रक, हे सगळं कोण करतं? आणि झाड काय करतं? काही नाही. एका फांदीची डोळकाडी कलम करून दुसऱ्या रोपावर बांधली की तेच झाड पुन्हा उभं. म्हणजे शेकडो वर्षं एकच झाड जिल्हाभर पसरतं आहे आणि आपण त्याचे गडी. हे तू एकदा एका मोठ्या बागायतदाराला त्याच्याच ओटीवर बसून सांगितलंस, त्याने दिलेलं पन्हं पीत. तो "आमच्या पणजोबांनी लावलेली बाग" सांगत होता. तू म्हणालीस, "पणजोबांना लावलं त्या झाडाने." परत येताना मी तुला म्हटलं की तुला माणसांत बसायची अक्कल नाही, आणि तू म्हणालीस की बरं झालं, पन्हं पिऊन झालं होतं.

तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. तरी मी तुला म्हटलं, "झाडाला इच्छा असते असं बोलतेस, लाज वाटत नाही?" तू म्हणालीस, "अगं, नसतेच. तेच तर..." आणि एसटी आली. मी चढले. तू मागून चढून परत सुरू करणार तोवर मी खिडकीकडे तोंड केलं होतं.

हे असंच व्हायचं. तुझं वाक्य 'तेच तर' पाशी यायचं आणि माझं काहीतरी निघायचं. घंटा, गाडी, गॅसवरचं दूध. कधी काहीच नसायचं, नुसता माझा हात वर व्हायचा, बास. तुझा अर्धा सिद्धांत मी तीस वर्षं ऐकला आणि त्या अर्ध्याचा तिरस्कार केला.

आता त्या तक्त्याचं. सहामाहीच्या तोंडावर आपले क्लार्क दहा दिवस सुतकात गेले होते, आठवतं? मयत कोण, तर ज्याचा आणि त्यांचा सात पिढ्यांपूर्वीचा आजा एकच, असा कोणी भावकीतला, ज्याला त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. आणि त्याच आठवड्यात शिपाईमावशींचे वडील गेले, तर त्या चौथ्या दिवशी झाडू घेऊन हजर. लग्न झालेल्या मुलीला तीन दिवस. तू चिडलीस. स्टाफरूमच्या फळ्यावर तू रकाने आखलेस. पहिल्यात नातं. दुसऱ्यात सुतकाचे दिवस. तिसऱ्यात जनुकांचा वाटा. लेक, तीन दिवस, अर्धा. सातव्या पिढीचा भाऊबंद, दहा दिवस, आठ हजारांत एक. भाचा पाव. मामेभाऊ एक-अष्टमांश. आणि खाली, मुद्दाम माझ्याकडे बघत, मैत्रीण, शून्य दिवस, शून्य.

तुला वाटलं होतं मी टाळ्या वाजवीन. सुतकाची अशी सालं काढलेली मला आवडायला हवी होती. मी काय म्हटलं ते तुला लागलं होतं, मला माहीत आहे, कारण तू दोन दिवस बोलली नाहीस. मी म्हटलं, "तू सुतक मोडत नाहीस. नवं मांडते आहेस. त्यांनी दिवस मोजले, तू तुकडे मोजतेस. दोन्हीकडे मी शून्यच." आणि तास घ्यायला निघून गेले. तू माझ्यामागे व्हरांड्यात आलीस, "प्रमिला, अगं शेवटचा रकाना बाकी आहे," असं काहीतरी म्हणालीस. मी वळले नाही. मागे मुख्याध्यापक येऊन ते पुसून गेले.

माझ्या वाक्यावर मी फार खूश होते. कितीतरी वर्षं मी ते वाक्य लोकांना सांगितलं.

एक मात्र मी कबूल करते, आणि हे ग्रुपवर लिहिण्यासारखं नाही. मी शाळेत रुजू झाले तेव्हा स्टाफरूममध्ये डबे मधोमध ठेवायची पद्धत होती. सगळे एकमेकांच्या डब्यातलं घ्यायचे. माझ्या डब्याकडे आलं की प्रत्येकाचं पोट भरलेलं असायचं. कोणी काही बोललं नाही, सगळे सुशिक्षित. तू दुसऱ्या आठवड्यात माझ्या डब्यापाशी आलीस, माझी सुकटीची चटणी निम्मी संपवलीस आणि म्हणालीस, "उद्या जास्त आण, आणि कोकम कमी घाल." समतेवर एक शब्द नाही. तू माझ्यावर उपकार म्हणून खाल्लं असतंस तर मी डबा उचलून घेतला असता. तुला सुकट आवडत होती म्हणून तू खाल्लीस, आणि कोकम कमी घाल म्हणण्याचा आगाऊपणा केलास. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. मी कोकम कधीच कमी घातलं नाही.

फॉर्म भरायला आपण दोघी गेलो तेव्हाही तू तसंच बोलत होतीस. "माझ्या गाडीतून पुढे कोणी उतरायचं नाही. रिकामी गाडी आहे. मग पोरांना इंजिन उघडून बघू दे." त्या टेबलावरच्या मुलीला काही कळेना. मी सही केली. नात्याच्या जागी काय लिहू म्हणून तिने विचारलं, मी 'सहकारी' लिहिलं, आणि तू ते वाचून तोंड वाकडं केलंस. तू म्हणालीस की संदेशची पण सही हवी, जवळचा नातेवाईक तोच, पण तो मुंबईत, गणपतीला आला की घेऊ. असे तीन गणपती गेले. तू कधी विचारलंस का त्याला? मला वाटतं नाही. तूसुद्धा घाबरायचीस, हे मला आवडलं नसतं म्हणून तू मला सांगितलं नाहीस.

मग तो पक्षाघाताचा झटका. रत्नागिरीच्या दवाखान्यात पाच दिवस. तुझं तोंड बंद, माझं चालू. मी तुझ्याशी एकटीच भांडत बसले होते आणि तुझा डावा हात चादरीवर हलायचा, पुसल्यासारखा. तिथली सिस्टर अश्विनी तुझीच विद्यार्थिनी, तीच सगळं बघत होती. तिसऱ्या दिवशी संदेश आला. सहाव्या दिवशी सकाळी दहाला तू गेलीस.

मी कॉलेजात फोन केला. अकरापर्यंत त्यांचा माणूस आला, भला माणूस, चपला बाहेर काढून आत आला. म्हणाला, "घरचे नको म्हणाले तर आम्ही नेत नाही." घरचे म्हणजे संदेश, आणि गावाहून आलेले ते तात्या, ज्यांना तू मास्तरीण का नर्स ते माहीत नव्हतं. तात्यांचं ठरलं होतं. "आमच्या घरची बाय कापायला देयाची? ह्या कंदी झालां नाय."  संदेश हातातला तुझा फॉर्म वाचत होता, दोन्ही बाजूंनी, परत परत. तात्या त्याचा दंड धरून ओढत होते. तो म्हणाला, "थांबा वाईच, तात्या."

मग तो माझ्यापाशी आला. त्याचे डोळे लाल होते. हे मला आता आठवतं, तेव्हा मी ते पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "बाई, तुमीच सांगा. आत्येनं आमाला वर्गात शिकवलां. भाचा म्हंजे पाव. तुमचां तर काय नाय, शून्य. मग ठरवायचां कोणी? मी का तुमी का ह्या कागदानं?"

सुमन, मला फक्त 'शून्य' हा शब्द ऐकू आला. तोही तुमच्या गावच्या माणसाच्या तोंडून, त्या तात्यांच्या समोर. माझ्या वडिलांची पाठ माझ्या पाठीत आली. मी त्याला म्हटलं, "तुझ्या आत्याचं शास्त्र आहे ते. तुझा पाव हिस्सा उचल आणि घेऊन जा. मला त्यातलं काही कळत नाही."

आणि मी जिन्याकडे गेले. तुझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. पंधरा मिनिटांत गाडी निघाली.

जगाला माहीत नसलेलं ते हे. त्याने नाही म्हटलं नव्हतं. तो विचारत होता. त्या इमारतीत तुझ्या बाजूने बोलू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिने तुझ्यावरचा जुना राग त्याच्यावर काढला.

मी जिन्यात बसले होते तेव्हा अश्विनी आली. तिने पाणी दिलं. ती रडत होती, तुमच्या विद्यार्थ्यांना रडता येतं, आमच्यांना शुद्धलेखन येतं. ती म्हणाली, "बाई, सुमनबाईंनी तर उलटंच शिकवलेलं. संदेश अर्धंच बोलला."

मी विचारलं, उलटं म्हणजे काय. तेव्हा तिने ते मला सांगितलं, जे तू तीस वर्षं सांगू पाहत होतीस. लक्षात घे, जिन्यात, पंचविशीच्या मुलीने, नाक पुसत. ती म्हणाली, बाई पहिल्या दिवशी तक्ता काढायच्या, पाव, अर्धा, शून्य. वर्गात सगळे आपापली नाती मोजत बसायचे. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आणि म्हणायच्या, काल जे शिकवलं ते जनुकाच्या बाजूने. जनुकाला इच्छा नाही, त्याला आडनाव कळत नाही, वाडी कळत नाही. या वर्गातली कोणतीही दोन मुलं घ्या, कोणत्याही दोन वाड्यांतली, आत जवळजवळ सगळं सारखंच आहे. पाव आणि अर्धा हे राहिलेल्या चिमटीभर फरकातलं माप आहे. आईला पोराची माया का लागली, मधमाशी बहिणींसाठी का मरते, एवढं त्या मापाने कळतं. कोणी कोणासाठी काय करावं ते त्याने ठरत नाही. तो हक्क नव्हे. ते ठरवायला तुम्हाला डोकं दिलंय. मग बाई शेवटचा रकाना काढायच्या. त्याचं नाव 'माणसाने काय केलं'. आणि ज्यांच्या घरी कोणी आजारी होतं त्यांना विचारायच्या, रात्र कोणी काढली, पेज कोणी आणली. प्रत्येक वर्षी शून्यवाल्यांचीच नावं जास्त निघायची. बाई म्हणायच्या, हे बघा, जनुकांची गाडी आणि चालवणारा वेगळा.

मी तिला म्हटलं, "मग तू का नाही बोललीस? तू तिथेच उभी होतीस."

ती म्हणाली, "तुम्ही होतात ना बाई. मला वाटलं तुम्ही सांगाल. तुम्ही तर त्यांच्या रोजच्या."

 मी ग्लास परत दिला.

तुला माझा राग येत असेल तर तो योग्य आहे, पण थोडा तुझ्यावरही घे. तू इतकी हुशार होतीस तर महत्त्वाचा अर्धा भाग आधी का नाही सांगायचीस? आधी तोंडात कडू घालायचं आणि साखर दुसऱ्या दिवशी. मुलांना दुसरा दिवस असतो, ती बाकावर बांधलेली असतात. मला कोणी बांधलं नव्हतं. शिक्षक म्हणून ही तुझी चूक आहे आणि मी ती तुझ्या अश्विनीसमोरसुद्धा म्हणेन. आणि तरीही, जे शास्त्र माझ्या वडिलांनी उभं राहून ऐकलं असतं, ते मी त्यांच्याच नावाने ऐकायचं टाळलं. रक्ताच्या गर्वाला तू आतून वाळवी लावत होतीस, आणि मी तुला त्यांच्यातलीच समजले.

आज दुपारी संदेशचा फोन आला. घाबरत बोलत होता. "बाई, उद्या आत्येचा दहावा. तुमी येवा असां कसां सांगू, तुमच्यात नसतां. पण आत्येच्या जवळची तुमीच." मी त्याला म्हटलं की थांब, आधी मला काही सांगायचं आहे. आणि मी त्याला दुसऱ्या दिवसाचा धडा सांगितला. शेवटचा रकाना, आडनाव न कळणारं जनुक, सगळं. वर्गात सांगते तसं सावकाश सांगितलं.

 मागे कोणाच्या तरी घरात भांडी वाजत होती. मग तो म्हणाला, "मी नव्हतो त्या दिवशी, बाई. लावणी होती. भात लावायचा म्हणून आमच्या वाडीतला एक पण पोर शाळेत आला नाय त्या आठवड्यात. आमाला पाव एवढांच ठावां." मग तो म्हणाला, "पण तुमाला ठावां होतां. मग तवा का नाय बोललात? मी फॉर्म हातात धरून होतो. तुमी एक शब्द बोलला असतात तर मी तात्यांना आडवा गेलो असतो."

मी सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं तिने सांगायचा प्रयत्न केला, मी ऐकलं नाही.

तो म्हणाला, "मंग बाई, माझी तरी लावणी होती."

नऊ दिवस मी लोकांना तुच्छ लेखते आहे. मुख्याध्यापकांना, तात्यांना, ग्रुपवरच्या त्या हात जोडणाऱ्यांना, या पोराला तर सगळ्यांत जास्त. त्या एका वाक्यात त्याने मला माझी जागा दाखवली, आणि त्याच्या आवाजात तुच्छता नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारी शाळेत तुझी शोकसभा आहे. मुख्य भाषण माझं, कारण माझी जीभ तिखट आहे आणि सगळ्यांना ती संदेशवर चाललेली ऐकायची आहे. मुख्याध्यापकांनी मुद्दाम निरोप पाठवला, "तुम्ही चांगलं झोडून काढा." मी संदेशला म्हटलं, तू ये. तो म्हणाला, "कशाला? तिथं सगळे माज्या नावानं बोंबलतायत. माजा फोन नंबर पण कोणी टाकलान त्या ग्रुपवर." मी म्हटलं, म्हणूनच ये. पहिल्या रांगेत बस. तुझं देहदान तुझ्या भाच्याने बुडवलं नाही, मी बुडवलं, हे मी माइकवर सांगणार आहे, त्याने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते शब्दाला शब्द. त्यानंतर त्याला शिव्या घालायच्या असतील त्यांनी आधी मला घालाव्यात.

तो म्हणाला, "येतो."

भाषण मी अजून लिहिलेलं नाही, सुमन. तीस वर्षं तुझ्याशी भांडले, एकदाही शब्द शोधावा लागला नाही. आज दुपारपासून मला भीती वाटते आहे.